निळं, फायनल

१

आमच्या पट्टीवर उतरायची परवानगी विमानाला कुणीच देत नाही. पाहुण्यांना हे सांगितलं की ते हसतात, त्यांना वाटतं म्हातारा फेकतोय. मोठ्या विमानतळावर काचेच्या मनोऱ्यात बसलेला साहेब ‘तू ये, तू थांब’ असं सांगत असतो. आमच्याकडे मनोरा नाही आणि साहेबही नाही. पत्र्याची एक खोली आहे, खोलीत रेडिओचा सेट आहे आणि सेटसमोर मी. वारा कुठला आहे आणि पट्टीवर म्हशी आहेत की नाहीत, एवढं मी सांगतो. उतरायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं.

पट्टी तिकोणा पेठेच्या पलीकडे, धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या माळावर आहे. एका कॅप्टनसाहेबांनी हौसेने इथे लहान विमानांचा क्लब काढला. मी लष्करात सिग्नलमध्ये हवालदार होतो, म्हणून मला सेटवर बसवलं. माझं नाव सोपान. म्हशी हाकायला वरच्या ठाकरवाडीतला कोंडू आहे. विमान यायचं झालं की तो शिट्टी फुंकत या टोकापासून त्या टोकापर्यंत मोटारसायकल पळवतो आणि शेवटी हात वर करतो. मग मी सेटवर म्हणतो, "पट्टी मोकळी." कोंडूचा हात बघितल्याशिवाय हे दोन शब्द मी तोंडातून काढत नसे.

विमानांना नोंदणीची लांबलचक इंग्रजी अक्षरं असतात. आमच्याकडे ती कुणी वापरत नाही. एक पिवळं होतं आणि एक निळं. सेटवर "पिवळं" म्हटलं की पिवळ्यात बसलेल्याने ओ द्यायची. कॅप्टनसाहेब सुरुवातीला यावर चिडायचे, नंतर तेही मुकाट पिवळं-निळं म्हणायला लागले.

टॉवर नसलेल्या पट्टीचा कायदा मात्र कडक. आपण कुठे आहोत ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत राहायचं. पट्टीला समांतर उडताना ‘डाउनविंड’, तिच्याकडे वळताना ‘बेस’, आणि नाक सरळ पट्टीवर आलं की ‘फायनल’. ज्याने आधी फायनल सांगितलं, पट्टी त्याची. दुसऱ्याने वर निघून जायचं आणि एक फेरी मारून परत यायचं. पुढचं विमान डोळ्यांना दिसलं नाही तरी जायचं. दिसत नाही म्हणजे नाही, असं हवेत धरून चालत नाही.

हे मी नव्या पोरांना इतक्यांदा सांगितलंय की माझी मलाच कटकट वाटते.

२

अमृत, माझा मुलगा, या पट्टीवरच वाढला म्हणायला हरकत नाही. शाळा सुटली की विमानं पुसायला यायचा. पुसता पुसता कॅप्टनसाहेबांनी त्याला शेजारी बसवून घेतलं, आणि मिसरूड फुटून काही वर्षं झाली नाहीत तोच तो निळं एकटा उडवायला लागला. सेटवर मी बाप नसायचो आणि तो मुलगा नसायचा. "निळं, डाउनविंड." "वारा पश्चिमेचा, पट्टी मोकळी." बस. घरी आल्यावर मात्र जेवताना चिडवायचा, "काय आण्णा, आज लय साहेबावानी बोलत व्हता!"

गेल्या थंडीत एका सकाळी तो धरणावरून चक्कर मारून येतो म्हणून गेला. परत येताना त्याने "निळं, डाउनविंड" सांगितलं. मी वारा सांगितला. तेवढ्यात पाण्यावरून धुकं उठलं, आणि "बेस" काही आलं नाही. मी हाका मारत राहिलो. धुकं विरल्यावर पंखाचा एक तुकडा पाण्यावर तरंगताना दिसला.

पाणबुडे आले, होड्या आल्या. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तेव्हा कोंडूने वाडीतली माणसं नेऊन गाळ तुडवला. अमृत सापडला नाही. शेवटी भटजींच्या सांगण्यावरून दर्भाचा पुतळा केला आणि त्याला अग्नी दिला. नंदाबाई, माझी बायको, पदराने तोंड झाकून उभी होती. घरी येताना एवढंच म्हणाली, "गवात जाळून पोरगं जातंय व्हय?"

मी दुसऱ्या आठवड्यात कामावर गेलो. लोकांना वाटलं, काळीज दगडाचं आहे. घरात बसून भिंतीकडे बघत राहण्यापेक्षा सेटची खरखर बरी होती, इतकंच.

३

दिवाळी होऊन गेली होती. त्या सकाळी धुकं असं दाटलं होतं की खिडकीबाहेर कोंडूची मोटारसायकल लावलेली असते, तीसुद्धा दिसत नव्हती. अशा दिवशी कुणी उडत नाही. पिवळं शेडमध्ये झाकलेलं होतं. सेट मी सवयीने चालू ठेवला होता आणि कोंडूने आणलेला कोरा चहा पीत होतो.

"निळं, डाउनविंड."

मी कप खाली ठेवला. कोंडू बिडी शिलगावत होता, त्याने मान वर केली नाही.

"ऐकलंस का रं?" मी विचारलं.

"काय?"

मी चहाचा कप परत उचलला. माणूस सिग्नलमधला असला की आधी भूत आठवत नाही, आधी कारण आठवतं. डोंगराळ मुलखात लांबच्या पट्टीवरचं बोलणं कधीकधी भलतीकडेच उमटतं. कुणी टारगट पोरगा हातातला सेट घेऊन चेष्टा करत असेल. किंवा माझेच कान. वय झालं, वर्षभर झोप नाही. तिन्ही कारणं मी नीट तपासली आणि तिन्ही मला पटली. संध्याकाळपर्यंत मी ती गोष्ट विसरलोही.

दोन-चार दिवसांनी पुन्हा धुकं पडलं आणि पुन्हा तेच. "निळं, डाउनविंड." थोड्या वेळाने, "निळं, बेस." मग, "निळं, फायनल." मी खिडकीला नाक लावून उभा राहिलो. पट्टी जेवढी दिसत होती तेवढ्यावर कोंडूच्या म्हशी निवांत चरत होत्या. एक विमान उतरून थांबायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. काही उतरलं नाही. आणि परत, पहिल्यापासून, "निळं, डाउनविंड."

तेव्हा मला त्या आवाजातलं चुकीचं काय होतं ते उमगलं. उडणाऱ्या विमानातून माणूस बोलतो तेव्हा त्याच्या शब्दांमागे इंजिन असतं. आवाज कितीही स्वच्छ असो, मागची घरघर जात नाही. या आवाजामागे इंजिन नव्हतं. रिकाम्या हौदात वाकून बोललं की येतो तसा तो थोडा घुमत होता, एवढंच.

आवाज अमृतचा होता. बाकी कारणं कितीही तपासली तरी बापाला हे तपासावं लागत नाही.

४

त्याला उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. आणि एका सकाळी, खोलीत एकटा असताना, "निळं, फायनल" आलं तेव्हा माझा अंगठा बटणावर गेला आणि मी म्हणालो, "वारा पश्चिमेचा. पट्टी मोकळी. ये."

कोंडू वाडीतच होता. हात वर करणारं कुणी नव्हतं, आणि पट्टी मोकळीही नव्हती. माझ्या आयुष्यातलं सेटवरचं ते पहिलं खोटं.

पुढे एक क्षण सेट गप्प झाला. म्हणजे खरखरसुद्धा थांबली. कुणीतरी कान देऊन ऐकतंय असं वाटलं.

तेव्हापासून मी रोज उत्तर द्यायला लागलो. धुकं असो नसो, तो येत होता. ऊन लख्ख असायचं, तिकोणा किल्ला स्वच्छ दिसायचा, आकाशात एक घार सोडून काही नसायचं, आणि सेटवर तो बेसला वळत असायचा. मी वारा सांगायचो. तो फायनल म्हणायचा. मी ये म्हणायचो. तो उतरायचा नाही. खरं सांगतो, त्या दिवसांत मी सुखात होतो. जेवण जायला लागलं, दाढी रोज करायला लागलो. बायकोच्या नजरेतून हे सुटणार थोडंच.

मी तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्यामागून चालत खोलीवर आली आणि सेटसमोरच्या खुर्चीवर बसली, पाय वर घेऊन, जात्यावर बसल्यासारखी.

"निळं, बेस," आलं.

"आता बोलला," मी म्हणालो.

तिने कान सेटला लावला. "मला तर नुसतं खर्रखर्र येतंय."

"फायनल म्हणाला बघ आता."

कान काढून तिने सेटवरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाली, "त्याला इचारा, जेवला का?"

हे मी सेटवर विचारू शकत नव्हतो. सेटवर असलं बोलत नाहीत. मी नेहमीचं उत्तर दिलं, वारा आणि पट्टी. नंदाबाईने ते ऐकून घेतलं, उठली, आणि दारात जाऊन थांबली.

"तुमी त्याला ओ देऊ नगा," ती म्हणाली. "ओ दिली की माणूस थांबून ऱ्हातंय. त्याला फुडं जाऊ द्या."

"आणि पुढं म्हणजे कुठं?" मी चिडूनच विचारलं.

ती पट्टीच्या कडेकडेने घराकडे निघाली. त्यानंतर ती खोलीवर आली नाही.

५

कोमल टाकवे बुद्रुकची. बाप शेती करतो आणि आंबीच्या एका कारखान्यात पाळीला जातो. पोरगी हट्टाने विमान शिकली. ती क्लबात आली तेव्हा अमृत जाऊन काही महिने झाले होते, त्यामुळे तिने त्याला कधी पाहिलं नाही की ऐकलं नाही. परवाना नुकताच हातात पडला होता, आणि आता उड्डाणाचे तास भरायला ती पिवळं घेऊन एकटीच जायची. शिस्तीची पोर. सेटवर एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. खाली उतरली की मात्र तोंडाला टाळं नसायचं.

एकदा उतरल्यावर ती खोलीत आली आणि माझ्याच डब्यातला भाकरतुकडा उचलत म्हणाली, "काका, आज बाहेरचं विमान आलं होतं का?"

"का गं?"

"तुमी कुणाला तरी ये म्हणत होता. तुमचं सगळं ऐकू येत होतं, समोरच्याचं एक अक्षर न्हाई. मी तिकोण्याच्या मागं होते, म्हणून असंल. डोंगर आडवा आला की तसं होतं ना?"

"होतं तसं," मी म्हणालो.

"म्हणून मी आपली लांबच राहिले. म्हटलं, दिसत न्हाई म्हणजे न्हाई असं धरायचं न्हाई!" माझाच धडा माझ्याच आवाजात म्हणून दाखवून ती हसायला लागली.

मी पण हसलो. घरी जाताना मात्र ते हसू टिकलं नाही. आजवर मी एकटा ऐकत होतो आणि मला वाटायचं, ही माझी आणि अमृतची गोष्ट आहे. पण रेडिओच्या एका लहरीवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. तो कुणाला ऐकू येत नव्हता, मी येत होतो. माझ्या उत्तरांनी मी आकाशात एक विमान उभं केलं होतं, आणि ही पोर त्याला वाट देत होती.

त्या दिवशी मी स्वतःला नियम घातला: पिवळं हवेत असताना अमृतला उत्तर द्यायचं नाही. पाळायला लय जड नियम होता तो. तो फायनलला यायचा, थांबायचा, आणि मी ओठ चावून कोमलला वारा सांगायचो.

६

पौषात एका रात्री अवकाळी पाऊस झाला. सकाळी आकाश धुतल्यासारखं होतं. कोमल पिवळं घेऊन लोहगडाकडे गेली. ती दिसेनाशी झाली आणि धरणावर पांढरी रेघ उठली. रेघेची भिंत झाली आणि ती भिंत सावकाश पट्टीकडे सरकायला लागली. कोंडूने म्हशी कडेला काढल्या आणि हात वर केला.

"पिवळं, धुकं येतंय. चक्कर पुरे. माघारी ये," मी सेटवर सांगितलं.

"पिवळं, माघारी येते."

ती डाउनविंडला आली, मला दिसली. सगळं ठीक होतं. पट्टीचं पाण्याकडचं टोक गेलं होतं, अलीकडचं स्वच्छ होतं. उतरायला तेवढं पुरत होतं.

"पिवळं, बेस."

"निळं, फायनल," अमृत म्हणाला. आणि थांबून, "पट्टी दिसली."

इतक्या दिवसांत तो हे कधी म्हणाला नव्हता. एक वर्ष तो धुक्यात फिरत होता आणि आज त्याला पट्टी दिसली होती. माझा नियम कुठे गेला मला माहीत नाही. बटण दाबून मी म्हणालो, "ये. पट्टी मोकळी. ये, ये."

माझ्या डोळ्यांसमोर पिवळ्याने नाक वर केलं. "पिवळं, पुढं विमान आहे, मला दिसत न्हाई. वर जाते, फेरी मारून येते."

तिने जे करायला हवं तेच केलं होतं. मी शिकवलं तसं. धुकं कोंडूच्या पायाशी आलं होतं. तो दोन्ही हात हलवून मला विचारत होता, काय चाललंय? पोरीला का घालवली?

आता तरी सांगायला हवं होतं. मी बटणावर अंगठा ठेवला आणि तोंड उघडलं.

"निळं, फायनल. खोलीचा पत्रा दिसतोय."

"ये," मी म्हणालो. माझ्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही.

"पिवळं, ऐकलं. अजून एक फेरी." तिचा आवाज बदलला होता. "काका, मला विमान कुठंच दिसत न्हाई. आन् पट्टी अर्धी गेली. परत फिरून येईस्तवर राहील का?"

राहणार नव्हती. चारी बाजूंनी डोंगर, खाली धरण, आणि पांढऱ्याशिवाय काही नाही. या पट्टीने असं आधी एकदा केलं होतं. मी खुर्चीवरून उठलो. पिवळं पुन्हा वळत होतं, त्याच्या पंखावर ऊन चमकलं.

"पिवळं, बेस. काका, मला वारा द्या. काका?"

आणि त्याच वेळी, इतक्या जवळून की मी मागे वळून पाहिलं, "आण्णा, तुमी खिडकीत दिसताय."

सेटवर असलं बोलत नाहीत. त्याला ते माझ्याइतकंच माहीत होतं.

खिडकीबाहेर त्या बाजूला फक्त धुकं होतं. त्या धुक्यात बघत मी लहरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणालो, "कोमल, वारा पश्चिमेचा. पट्टी मोकळी. तुझ्याशिवाय हवेत कुणी नाही. उतर."

"पण तुमी आत्ताच कुणाला—"

"कुणी नाही. कुणी नव्हतं. निळं विमान नाही, त्यात कुणी नाही. तू उतर."

"पिवळं, फायनल."

ती उतरली. चाकांनी साचलेलं पाणी उडवलं, विमान एकदा उसळलं आणि सावलीसकट जमिनीला चिकटलं. कोंडू तिच्यामागे पळत सुटला. मी श्वास सोडणार, तेवढ्यात उरलेल्या उन्हाच्या पट्ट्यात दुसरी एक सावली आली. पंख, शेपूट, सगळं स्पष्ट. वर विमान नव्हतं. म्हशींनी एकदम माना उचलल्या. ती सावली पट्टीवरून खोलीकडे आली, क्षणभर खोलीत काळोख झाला आणि उजेड परत आला. वर पत्र्यावर काही वाजलं नाही. मी पलीकडच्या खिडकीशी गेलो तेव्हा ती गवतावरून धरणाच्या बाजूला जात होती, वर निघून गेल्यासारखी लहान होत. मग धुक्याने सगळंच घेतलं.

फायनल आधी त्याने सांगितलं होतं, तरी वाट त्यानेच दिली होती.

७

सेट चालू होता. खरखर येत होती. डाउनविंड आलं नाही. मी वाट पाहिली, आणि मग मला रडू आलं. पुतळ्याला अग्नी देताना आलं नव्हतं ते सगळं आलं. पोरगी वाचली याचा आनंद होता, नाही असं नाही; पण तो आनंद आणि हे रडणं एकमेकांत मिसळत नव्हतं. पोरगा पट्टीवर आला होता, त्याला बाप दिसला होता, आणि बापाने जगाला ओरडून सांगितलं होतं की तू नाहीस.

कोमल आली तेव्हा मी तोंड पुसलं. कोंडूने तिला दारापर्यंत आणून सोडलं आणि तो विमान दोराने बांधायला गेला. ती सेटपाशी येऊन टेबलाला धरून उभी राहिली.

"काका, ते विमान शेवटी कुठं उतरलं?"

"विमान नव्हतं. माझी चूक झाली. मला माफ कर."

"असं कसं नव्हतं?" ती म्हणाली. "आधी मला ऐकू येत नव्हता, ते खरं. पण मी चाकं टेकवली आन् तो बोलायला लागला. एकदम स्वच्छ. तुमालाच विचारत होता."

मी खुर्चीची पाठ धरली. "काय विचारत होता?"

"म्हणत होता, आण्णा, मग मी कुठं आहे?" तिने सेटकडे पाहिलं. "इंजिन बंद करेपर्यंत तेच. परत परत. तुमी उत्तर का दिलं न्हाई?"

"मला ऐकू नाही आलं, गं."

"न्हाई कसं? आत्ता बोलतोय की."

मी सेटचा आवाज वाढवला. खरखर वाढली. मी वाकून कान जाळीला लावला, नंदाबाई बसली होती तसा. आत काही नव्हतं. कोमलकडे पाहिलं तर ती ऐकत होती. मान जराशी कलती, ओठ दाबलेले, हवेत वाट चुकलेल्या माणसाचं बोलणं ऐकताना होतो तसा चेहरा. पोर खोटं बोलत नव्हती. सगळी थंडी जो फक्त माझ्याशी बोलत होता, तो आता मला सोडून बोलत होता.

"लय घाबरलाय," ती म्हणाली. मग माझी वाट बघून बघून तिनेच टेबलावरचा माईक उचलला. "काका, कुणीतरी सांगितलं पाहिजे त्याला. काय सांगू? कुठं आहे म्हणून सांगू?"

होड्या, पाणबुडे, गाळ, दर्भ, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. यातलं काय सेटवर सांगायचं?

"थांब जरा," मी म्हणालो.

ती माईक धरून थांबली आणि ऐकत राहिली. आणि तो काय म्हणतोय ते कळावं म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.